येतानाचा आवाज

उल्हासने दात-ओठ खाऊन दोरी ओढली. मशीन खोकलं, थुंकलं आणि एकदाचं धडधडत सुरू झालं. निळसर धुराचा लोट कॉटेजच्या पायऱ्यांपर्यंत आला, तशी सुनेत्राने मफलर नाकावर ओढून घेतला.

"मॉन् द्यू! अरे देवा, उल्हास, ही स्नोमोबिल आहे की पिठाची गिरणी?"

"गिरणीच," उल्हास खूश होऊन म्हणाला. "पण चालू तर झाली ना? तुझ्या नवऱ्याच्या मिक्सरला विचार, आज शुद्धीवर आहे का."

नवऱ्याचा मिक्सर म्हणजे जयदीपची विजेवर चालणारी स्नोमोबिल, बर्फावर पळणारी गाडी. जयदीप मॉन्ट्रियलला, अशा गाड्या बनवू पाहणाऱ्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होता. २०१८च्या त्या फेब्रुवारीत कंपनीची चाचणीची गाडी ट्रेलरवर लादून तो मुद्दाम घेऊन आला होता. मुद्दाम म्हणजे उल्हासची जिरवायला. कराडच्या हॉस्टेलवर हे दोघे येझदी चांगली की राजदूत यावर डोकं पिकेपर्यंत भांडायचे. आता पन्नाशी आली, एकाचे केस गेले, दुसऱ्याचं पोट सुटलं, पण खोड काही गेली नाही. उल्हास-चित्रा राहायचे व्हिटबीला, जयदीप-सुनेत्रा मॉन्ट्रियलला. दर हिवाळ्यात डोंगरातल्या या गोठलेल्या तळ्याकाठी तेच कॉटेज भाड्याने घ्यायचं, पुरुषांनी तळ्यावर उंडारायचं आणि बायकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची वाट बघायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज.

चित्रा पायरीवर उभी होती, हातात नवऱ्याचे हातमोजे घेऊन. तिला गिरणीही आवडत नव्हती आणि मिक्सरही. पण ऐकेल तो उल्हास कसला!

"बटन दाबलं की निघायचं," जयदीपने आपल्या गाडीच्या सीटवरचा बर्फ झटकला. "धूर नाही, वास नाही, कटकट नाही. काल हरणाच्या इतक्या जवळून गेलो, त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही."

"आणि उणे वीसला बॅटरी ढेपाळते, ते सांग की."

"ढेपाळत नाही. रेंज थोडी कमी होते."

"थोडी! आणि जंगलात बसली म्हणजे? चार्जर कुठे लावणार, झाडाला? माझं मशीन बंद पडलं तर मी पान्याने उघडतो, स्पार्क प्लग पुसतो आणि घरी जेवायला येतो."

"तुझं मशीन दर वेळी उघडावंच लागतं, उल्ह्या."

"आणि वजन? काल ट्रेलरवरून उतरवताना माझी कंबर गेली. म्हैस आहे नुसती, म्हैस."

"बॅटरीचं वजन असणारच ना रे. पण सीलबंद आहे सगळं. आम्ही टाकीत बुडवून टेस्ट केलीय. पाण्याखालीसुद्धा हेडलाइट चालू राहतो."

"पाण्याखाली दिवा कोणाला दाखवायचा? माशांना?"

यावर जयदीपही हसला, सुनेत्राही. चित्राला मात्र हसू आलं नाही.

"शुभ बोला रे जरा," ती म्हणाली.

"एकदा बसून तर बघ," जयदीप अजून सोडत नव्हता. "मग बोल काय ते."

"त्या म्हशीवर? मेलो तरी बसणार नाही."

"उल्हास!" चित्राचा आवाज चढला. तिने पायऱ्या उतरून हातमोजे त्याच्या छातीवर जवळजवळ आदळलेच. "आणि ऐक. गळ्यावरून यायचं नाही."

"नाही गं बाई."

"फांद्यांच्या वाटेनं जायचं, फांद्यांच्याच वाटेनं यायचं. मंगळवारी पाऊस झालाय."

"शपथ घेतलीय ना मागच्या वर्षी? झालं तर मग."

तळं मधोमध बाटलीच्या गळ्यासारखं निमुळतं होई. ही मंडळी त्या जागेला गळाच म्हणत. बर्फाखालून तिथे ओढ्याचा प्रवाह वाहायचा, त्यामुळे सगळं तळं दगडासारखं गोठलं तरी गळ्यावरचा बर्फ काही भरवशाचा नसे. गावातली माणसं दर डिसेंबरात तळ्यावर स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या रोवून वाट आखून द्यायची. ती वाट गळा टाळून, लांबचा वळसा घालून जाई. पण उल्हासला वळसा म्हणजे अपमान. गळ्याच्या अलीकडे थ्रॉटल शेवटपर्यंत दाबायचं, म्हणजे हलकं मशीन बर्फाला नीट टेकायच्या आतच पलीकडे जातं, हे त्याचं तत्त्वज्ञान. बरीच वर्षं त्याने हे बायकोपासून लपवलं होतं. गेल्या वर्षी चित्राने त्याला पकडलं, तेही स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता. गळा आला की मशीन किंचाळायचं. एरवीची घरघर एकदम वर चढायची, ताणली जायची आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा खाली यायची. त्या संध्याकाळी तिने लाटणं हातात धरूनच त्याला दारात गाठलं होतं, आणि आईची शपथ घेतल्याशिवाय आत घेतलं नव्हतं. त्यानंतर तिचा कान हाच त्याच्यावरचा पहारा होता. तो तळ्यावर कुठेही असो, ती खिडकीत बसून सांगू शकायची की आता इथे आहे, आता वळला, आता निघाला.

गिरणी धडधडत तळ्यावर उतरली. जयदीपची गाडी कधी निघाली ते कोणालाच कळलं नाही. बघावं तर ती केव्हाच किनारा सोडून उल्हासच्या पुढे सरकत होती.

सूर्य डोंगराआड गेला तशी थंडी कडाडली. चित्राने मिसळीचा कट उकळत ठेवला आणि खिडकी बोटभर उघडली.

"अगं, गारठा येतोय," सुनेत्रा कुरकुरली.

"येऊ दे. मला ऐकू येत नाही नाहीतर."

इतक्यात तळ्याच्या पोटातून एक लांबलचक हुंकार आला. कपाटातल्या बश्या किणकिणल्या. सुनेत्राच्या हातातली सुरी कांद्यावरच थांबली.

"काय होतं ते?"

"बर्फ. संध्याकाळी गार पडायला लागलं की आवाज करतो. त्याने काही होत नाही," चित्रा म्हणाली. पण तीही ढवळायची थांबली होती.

"तुझं एक बरं आहे," सुनेत्रा जरा वेळाने म्हणाली. "तुझा नवरा कुठे आहे ते तुला घरबसल्या कळतं. माझा काय, भुतासारखा जातो आणि भुतासारखा येतो. दोन दिवस झाले, माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. त्याला सांगायची सोय नाही, म्हणतो शांतता हाच तर आमचा सेलिंग पॉइंट आहे."

"अगं, दोघं बरोबर आहेत. उल्हासचा आवाज आला म्हणजे जयदीपही आलाच समज."

"तेही खरंच."

बाहेरचा उजेड पातळ होत गेला. पलीकडच्या काठावर मासे पकडणाऱ्यांच्या लाकडी टपऱ्या होत्या, त्या दिसेनाशा झाल्या. बराच वेळ काहीच ऐकू येत नव्हतं. दोघी उगाच व्हिटबीतल्या घरांच्या किमतीबद्दल बोलल्या, मग तेही संपलं. चित्राने दोनदा खिडकीशी जाऊन पाहिलं.

मग लांबून, अगदी लांबून, ती ओळखीची घरघर आली.

"आला," चित्रा म्हणाली आणि तिने डोळे मिटले. सुनेत्रा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. घरघर डावीकडे सरकली, थोडी मंदावली, वळसा घेऊन पुन्हा जवळ येऊ लागली. कुठे किंचाळणं नाही, कुठे ताण नाही. आज तो मशीन जपून चालवत होता, परक्याची वस्तू जपावी तसं.

चित्राच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "फांद्यांच्या वाटेनं येतोय. पूर्ण वळसा घालून! बघ बाई, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलं माणसानं."

"आणि जयदीप?"

"असेल की मागे-पुढे. त्याचा आवाज येतोय थोडाच?"

तिने खिडकी लावून घेतली. शेगडीवर चहाचं आधण ठेवलं, त्यात आलं जरा जास्तच किसलं. उल्हासला घसा खवखवेपर्यंत आलं लागायचं. आज त्याच्यावर रागवायचं नाही, उलट कौतुक करायचं, असं तिने ठरवूनच टाकलं. एवढा मोठा घोडा झालाय, पण कौतुक केलं की अजून लाजतो. तिला एकदम त्याची माया आली.

घरघर किनाऱ्याला लागली, खोकली, बंद पडली. बूट पायरीवर आपटल्याचा आवाज आला. दार उघडलं. बर्फाने माखलेल्या त्या आकृतीने हेल्मेट काढलं.

जयदीप होता.

"वहिनी, हरलो!" तो धापा टाकत हसत होता, गाल लालबुंद. "कबूल करतो. ही गिरणी चालवायला धमाल येते. पण उल्ह्याला सांगू नका... कुठे लपलाय तो? ए उल्ह्या, ये बाहेर मुकाट्यानं!"

चित्राच्या हातात चहाची गाळणी होती.

"तू त्याच्या मशीनवर कसा?" सुनेत्राने विचारलं.

"बदलल्या ना गाड्या. टपऱ्यांपाशी. म्हटलं, भांडण मिटवायचं तर एकमेकांच्या गाडीवर बसून घरी जायचं. आधी नाही नाही म्हणाला, मग बसला तर उतरायलाच तयार नाही! पोरासारखा खूश. मला म्हणाला, तू फांद्यांनी ये, मी..." जयदीप थांबला. त्याने खुंटीकडे पाहिलं. तिथे उल्हासचं जाकीट नव्हतं. "आला नाही अजून?"

"मी... पुढे काय?" चित्रा म्हणाली.

"वहिनी..."

"तो काय म्हणाला जयदीप?"

"म्हणाला, मी गळ्यावरून जातो. तू पोचायच्या आत पायरीवर उभा राहून टाळ्या वाजवतो." जयदीपचा आवाज बारीक झाला. "मी म्हटलं, वहिनींना कळलं तर? तर म्हणाला, आज चित्राला ऐकूच जाणार नाही."

चित्रा तशीच बाहेर पडली. तिच्यामागून दोघेही धावले. जयदीपने किनाऱ्यावर जाऊन गिरणीची दोरी ओढली. मशीन खेकसलं.

"बंद कर ते!"

"वहिनी, मी जाऊन बघतो, दोन मिनिटांत..."

"बंद कर आधी! ऐकू दे मला."

त्याने मशीन बंद केलं. तिघेही काठावर श्वास रोखून उभे राहिले. वारा पडलेला होता. चित्राने इतकी वर्षं तयार केलेला तिचा कान समोरच्या अंधारात लावला, तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला सुनेत्राचे दात वाजताना ऐकू आले. घरात शेगडीवर चहा उतू जाऊन चरचरला, तेही ऐकू आलं. बाकी काही नाही.

"उल्हास!" तिने हाक मारली. हाक पलीकडच्या डोंगरावर गेली आणि तशीच परत आली.

"तो बघ!" सुनेत्रा एकदम ओरडली. तिने चित्राचा दंड घट्ट धरला. "तो बघ दिवा! देवा रे, घाबरवलंस की रे मेल्या! येतोय बघ, चित्रा, तो बघ!"

खरंच, दिवा होता. निमुळत्या भागाच्या जरा अलीकडे. चित्राचा श्वास सुटला. येऊ दे घरी, ती मनात म्हणाली, येऊ दे, काही बोलणार नाही मी, एक शब्द बोलणार नाही.

सुनेत्रा दोन्ही हात वर करून हलवू लागली. चित्रा दिवा मोठा होण्याची वाट बघत राहिली.

तो मोठा होत नव्हता. डावीकडे-उजवीकडेही होत नव्हता. येणाऱ्या गाडीचा झोत समोरच्या बर्फावर लांब पसरतो, हा कुठेच पसरत नव्हता. तो एकाच जागी होता, गोल, हिरवट, आणि बर्फाच्या वर नव्हता.

"जयदीप, तूही हात कर की," सुनेत्रा म्हणाली. "त्याला आपण दिसत नसू."

जयदीपने हात वर केला नाही. तो खाली बर्फात बसला होता आणि त्याने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं होतं.

चित्रा दिव्याच्या दिशेने चालू लागली. तिच्या पायांत घरातल्याच चपला होत्या.