नाचणगावच्या वेलींची नसबंदी

सुलोचनाबाईंनी पहिल्याच शनिवारी विचारलं, "घरात जेवणारे किती?" आणि शाळेच्या ओट्यावर बसलेल्या एकोणीस बायांची एकोणीस तोंडं एकदम मिटली.

तोवर सगळं कसं छान चाललं होतं! संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले होते. ग्रामसेविका सुलोचनाबाई पुलगावहून चक्क सायकलवर आल्या होत्या, आणि सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, उन्हाळी भाजी कशी लावायची ते सांगत होत्या. न्हाणीचं पाणी गल्लीत सोडू नका, चर काढून कोहळ्याच्या वेलीपर्यंत न्या. आळं हातभर खोल करा, आत कुजलेलं शेणखत घाला, ताजं घालाल तर मुळं जळतील. पाणी सकाळी द्या, भर उन्हात नाही.

"कोहळं काय आमाले शिकवता बाई?" रुख्माबाईनं पदर खोचत विचारलं. रुख्माबाईचं घर गल्लीत सगळ्यात मोठं आणि आवाजही. "आमच्या इकडे उकिरड्यावर बी फेकलं तरी वेल छपरावर जाते."

"पावसाळ्यात जाते," बाई हसून म्हणाल्या. "चैत्रात छपरावर नेऊन दाखवा, मग मी तुमच्याकडे शिकायला येते."

बाया खो खो हसल्या. आणि त्याच हसण्यात बाईंनी तो प्रश्न विचारला.

अठ्ठ्याहत्तर साल होतं ते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट कोणीच विसरलं नव्हतं. तेव्हाही असंच कोणीतरी वही घेऊन आलं होतं, असंच गोड बोलून घरात माणसं किती, लेकरं किती ते लिहून नेलं होतं, आणि पंधरा दिवसांनी गावात जीप आली होती. ज्याची लेकरं जास्त, तो जीपमध्ये, नसबंदीला. नलूचा बाप रूपराव दोन दिवस तुरीच्या शेतात आडवा पडून होता. घरी आला तेव्हा त्याच्या अंगावर नखाएवढी जागा अशी नव्हती जिथं काही चावलं नव्हतं.

आता या नलूबद्दल सांगायला हवं. नलू नववीत होती. सव्वीस जानेवारीला तिनं कागद हातात न धरता भाषण केलं होतं, आणि त्या दिवसापासून आपल्यावाचून गावात पान हलत नाही अशी तिची खात्री झाली होती. अक्षर मोत्यासारखं, म्हणून या शनिवारच्या वर्गाची वही सुलोचनाबाईंनी तिच्याच हाती दिली होती. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात जेवणारे. तिसरा रकाना बाई स्वतः भरणार होत्या.

पहिलं नाव नलूच्या मायचंच, आनंदाबाईचं. माय भोळी. तिनं "आ..." म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात नलूनं तिच्या मांडीला असा चिमटा काढला की त्या "आ"चं "आई गं" झालं.

"तीन," नलू खणखणीत म्हणाली. "मी, माय न बाबा." आजी आणि चार भावंडं तिनं एका दमात गडप करून टाकली.

बायांना रस्ता सापडला. रुख्माबाईच्या घरी अकरा जण, तिनं सांगितलं, "दोन." अनुसयाबाईनं तर कमालच केली. मांडीवरच्या चिमुरडीला थोपटत ती म्हणाली, "मी एकटीच हाय."

"आणि ही?" बाईंनी विचारलं.

"हे शेजारची हाय."

शेजारी कोण, ते बाईंनी विचारलं नाही. एकटी रुख्मिणी, चंद्रभानची नवी बायको, समुद्रपूरकडून नुकतीच लग्न होऊन आलेली, तिला कोणी चिमटा काढायला नव्हतं. ती खाली मान घालून म्हणाली, "नऊ." सगळ्या बाया तिच्याकडे अशा बघायला लागल्या की बिचारीची नऊ माणसं उद्याच्या जीपमध्ये बसलीच.

मग बाईंनी थैलीतून कोहळ्याच्या बियांची पाकिटं काढली, वहीत बघून बघून बी मोजलं आणि प्रत्येकीला कागदाच्या पुडीत बांधून दिलं. उरलेली पाकिटं परत थैलीत गेली. बरीच होती.

नलूनं घरी जाऊन पुडी उघडली. तीन बिया!

"माय, एवढं मोठं पाकीट होतं तिच्यापाशी. बाकीचं बी कुठी नेलं तिनं?"

"नेऊ दे न व. फुकटचं तर हाय," माय म्हणाली. पण पुडीकडे तिनंही जरा निरखूनच पाहिलं.

तीन बियांतली एक उंदरानं नेली. एक उगवलीच नाही. तिसरीचा वेल झाला, आणि झाला तर असा की मायनं न्हाणीच्या पाण्याचा एक थेंब वाया जाऊ दिला नाही. आजीलाही तिनं आळ्याजवळच्या दगडावर आंघोळीला बसवलं. शनिवारी दुपारी माय केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून वर्गाला निघायची. नलूच्या आठवणीत माय अशी केस विंचरून फक्त माहेरी जायची.

होळीच्या सुमारास वेलीला पिवळीधमक फुलं आली. काही फुलांच्या बुडाशी सुपारीएवढं कोहळं. मायनं हात जोडले. चौथ्या दिवशी ते पिवळं पडलं आणि गळालं. दुसरं आलं, तेही गळालं. तिसरं, चौथं...

पहिल्यांदा रुख्माबाई आली भांडायला. "कोनं बोट दाखोलं माह्या कोहळ्याले? कोवळ्या फळाले बोट वाकडं करून दाखवा लागते, हे लेकराले समजते!"

"आमचंही गळून राह्यलं," माय म्हणाली.

मग कळलं, अनुसयाबाईचंही तेच. गल्लीत सगळ्यांचं तेच. एकाच गावातल्या सगळ्या वेलींना एकाच वेळी बोट कोण दाखवणार? त्या संध्याकाळी विहिरीवर अनुसयाबाईनं दोर ओढता ओढता हळूच सांगितलं,

"मले तर वाटते, या बियांची नसबंदी केली हाय."

घागरी भरायच्या थांबल्या.

"पाह्य न. माणसाची करून झाली. लोकायनं बोंब मारली. आता बियातून करून राह्यले. ज्यानं हे कोहळं खाल्लं, त्याचा वंश बंद!"

नलूला हे एकदम पटलं. पटलं म्हणजे काय, सगळं जुळलंच! जेवणारे किती, हे का विचारलं? बी मोजून का दिलं? आणि एक गोष्ट तर फक्त तिनंच पाहिली होती. मागच्या शनिवारी बाईंनी रुख्माबाईच्या सांदवाडीत इकडेतिकडे बघून एक फूल तोडलं होतं, उलटंसुलटं करून पाहिलं होतं आणि गुपचूप थैलीत टाकलं होतं. नलूनं ते विहिरीवर सांगितलं, आणि थोडं वाढवूनच सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावात बातमी होती की बाई फुलं तोडून कुठंतरी तपासायला पाठवते.

किराणा दुकानवाले भैय्याजी ग्रामपंचायतीत होते. त्यांनी नलूला दुकानात बोलावलं आणि स्वतःच्या हातानं खडीसाखर दिली.

"पोरी, तुझं अक्षर चांगलं. अर्ज लिही. या बाईनं खराब बी वाटलं, गावाची फसवणूक केली, हिले नोकरीवरून काढा. शनिवारी ती आली का तिच्यासमोरच समद्याइचे अंगठे घेतो."

नोकरीवरून! एवढं मोठं नलूच्या मनात नव्हतं. पण गावाचा अर्ज, तिच्या अक्षरात! "लिहिते न," ती म्हणाली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती अर्ज लिहायला बसली. कोणाला किती खराब बी दिलं, हे आकड्यांनिशी लिहायचं म्हणून तिनं वर्गाची वही उघडली. तिसरा रकाना बाईंनी भरला होता. आनंदाबाई: जेवणारे तीन, बी तीन. रुख्माबाई: दोन, बी दोन. अनुसयाबाई: एक, बी एक. नलूचं बोट खाली खाली सरकत गेलं. डोक्यामागे एक बी. संपूर्ण पान तसंच. फक्त एका ओळीत नऊ आणि नऊ.

ती चंद्रभानच्या घरामागे गेली तेव्हा रुख्मिणी सांदवाडीच्या फाटकात आडवी उभी राहिली. तीन शनिवार झाले, ती वर्गाला येत नव्हती. अंगात कसर आहे म्हणायची.

"कायले आली?"

"वेल पाह्यले."

"वेल नाई माह्यापाशी. जळला."

पण तिच्या मागे मांडव होता, आणि मांडवाखाली जुनी लुगडी बांधून आडोसा केलेला होता. आतून मधमाश्यांची गुणगुण ऐकू येत होती. नलूनं लुगडं बाजूला सारलं. सहा वेल! आणि सात कोहळी, दोन तर डोक्याएवढी.

रुख्मिणीनं तिचा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सांगू नको व कोनाले. सगळ्यायची गळली न माह्यीच राह्यली. गाव मलेच म्हनन, हिनंच काही केलं. मी नवीन हावो इथं."

"नाई सांगत," नलू म्हणाली. बोलून गेली आणि मग तिला कळलं, बाईंना वाचवणारी एकच गोष्ट तिनं आता कुलपात घातली.

शनिवारी ओट्यावर गर्दी होती. बाया होत्या, आणि मागं पुरुषही. भैय्याजी शाईचा डबा उघडूनच बसले होते. बाईंनी सायकल भिंतीला टेकवली, सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. पण त्या पुढे आल्या.

"वाच, नलू," भैय्याजी म्हणाले.

नलू उभी राहिली. हातात कागद होता, पण तिनं तो वाचला नाही.

"बाई, मी वहीत खोटं लिहिलं. आमच्या घरी तीन नाई, आठ जण जेवतात."

मायनं "अवं!" करून तोंडावर हात ठेवला. मागच्या रांगेतला रूपराव तेवढ्यात कुठं दिसेनासा झाला.

"आठ सांगतलं असतं त आठ बिया भेटल्या असत्या. आमचा वेल एकटाच हाय, बाई. म्हणून गळते का?"

बाई ओट्यावर बसल्याच. "अगं, त्यासाठीच तर मी फुलं तोडून पाहत होते! त्या दिवशी उमललेली सगळी नर फुलंच निघाली. नर फूल वेगळं, बुडाशी कोहळं असतं ते मादी फूल वेगळं. दोन्ही एकाच सकाळी उमलायला हवीत, मग माशी एकाचा पराग दुसऱ्यावर नेते. पाच-सात वेल असले तर कुठं ना कुठं जमतं. पावसाळ्यात गावभर वेल असतात, तेव्हा कोणाला कळतही नाही. पण घरात एकच वेल..."

"मंग डोक्यामागे एक बी हाय, हे पहिलंच काऊन नाई सांगितलं?" भैय्याजींनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "सांगितलं असतं तर प्रत्येकीनं वीस-वीस माणसं लिहून दिली असती. मला वाटलं, तुम्ही मला फसवाल."

कोणीतरी फिसकन हसलं. भैय्याजी नाही हसले. "हे तुमीच शिकोलं या पोट्टीले. आमाले पुरावा पाहिजे. आठ दिवस देतो. एका तरी घरचं कोहळं टिकलं त अर्ज माह्यापाशी राहीन. नाई टिकलं त अंगठे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच बाई हजर. नलूच्या वेलीवर एक मादी फूल उमललं होतं, नर एकही नाही. नऊ वाजले की फूल मिटणार. नलू रुख्माबाईकडे धावली.

"माह्या फुलाले हात लावशीन तर पाह्य!" रुख्माबाईनं दारच उघडलं नाही. अनुसयाबाईनं कुत्रं सोडलं. बाई आळ्याजवळ उभ्या, माय चुलीपाशी चूल न पेटवता बसलेली, आणि ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं.

तेव्हा गल्लीतून रुख्मिणी आली. भर गल्लीतून, दोन्ही हातांनी ओचा धरून. ओच्यात पिवळी नर फुलं होती, आणि तिच्यामागे दारादारांतून बाया माना काढून बघत होत्या.

"माह्यापाशी सहा वेल हायेत," ती कोणालाही न विचारता मोठ्यानं म्हणाली. "कोहळीही हायेत. ज्याले पाह्यचं त्यानं येऊन पाह्यजो."

बाईंनी एका फुलाच्या पाकळ्या सोलल्या, आतला दांडा मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरवला. बस, एवढंच. मायनं उरलेली फुलं ओच्यातून उचलली आणि रुख्माबाईचं दार वाजवायला स्वतः निघाली.

आठ दिवसांत नलूचं कोहळं मुठीएवढं झालं, आणि रुख्माबाईची दोन. भैय्याजी येऊन तिन्ही बघून गेले, दाबून बघून गेले. अर्ज काही त्यांनी फाडला नाही. घडी करून खिशात ठेवला.

त्या शनिवारी बाईंनी दोडक्याचं बी आणलं आणि विचारलं, "घरात जेवणारे किती?"

"आठ," माय म्हणाली. कोणी चिमटा काढायच्या आत.

रुख्माबाईनं बराच वेळ पदराचं टोक पिळलं. रस्त्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. "सात," ती म्हणाली.

नलूला पक्कं माहीत होतं, अकरा. तिनं तोंड उघडलं, रुख्माबाईनं तिच्यावर डोळे रोखले, आणि नलूनं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: सात.