शोभाबाईंचे नऊ पदार्थ

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्यावर अजूनही 'गणित' असं लिहिलेलं आहे. सोनालीची शाळा संपली तेव्हा माझी निम्मी पानं कोरी होती, म्हणून तिच्या आईने, शोभाबाईंनी, मला रद्दीत जाऊ दिलं नाही. सुरतेत कतारगामच्या एका खोलीत मी बरीच वर्षं फळीवर पडून होते. आज मी एक जुनी, तेलकट वही आहे आणि माझ्यात नऊ पदार्थ आहेत.

शोभाबाई खानदेशातल्या. स्वयंपाक त्यांच्या हातात होता, कागदावर कधीच नव्हता. मग त्यांचं हृदय दुबळं झालं आणि डॉक्टरांनी शेगडीपुढे उभं राहायला मनाई केली. सोनाली लग्न होऊन कडोदऱ्याला गेलेली. घरात राहिले उखाभाऊ, शोभाबाईंचे यजमान. तीस वर्षं मागावर कापड विणलेल्या या माणसाला चहासुद्धा करता येत नव्हता. आपल्या मागे हे काय खातील, एवढीच शोभाबाईंना काळजी होती. म्हणून त्यांनी मला खाली काढलं.

पहिल्यांदा त्यांनी डाळ लिहिली. 'तेल तापलं की मोहरी घाला. तडतडली की लसूण घाला.' मग उखाभाऊंना शेगडीपुढे उभं केलं आणि स्वतः खाटेवर बसल्या. मधे बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

उखाभाऊंनी मोहरी टाकली आणि ते थांबले. थांबूनच राहिले. खोलीत धूर झाला.

"सोनालीनी माय, मोहरी तडतडनीच नही ना!"

"तडतडनी, जळनी, कोळसा व्हयना तिना! तुमना कानमा अजून माग चाली ऱ्हायना!"

शोभाबाई खोकला येईपर्यंत हसल्या. मागांच्या आवाजाने उखाभाऊंचे कान केव्हाच गेले होते. एवढ्या वर्षांत त्या त्यांच्याशी मोठ्याने बोलत आल्या होत्या, पण लिहिताना विसरल्या. त्यांनी ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'मोहरी उड्या मारायला लागली की लगेच लसूण घाला.' कुकरच्या तीन शिट्ट्याही अशाच वाया गेल्या. तिथे आलं, 'शिट्टीतून वाफ तीनदा जोरात उडाली की गॅस बंद करा.'

मला त्या बाईचं फार कौतुक वाटतं. शाळा चौथीपर्यंत, पण लिहायचं कसं हे त्यांना कळलं होतं. उखाभाऊ जिथे अडले तिथे त्यांनी उखाभाऊंना दोष दिला नाही, आपला शब्द बदलला. 'भाजी शिजली की' हे खोडून 'वांग्यात चमचा सहज घुसला की' असं लिहिलं. आठ पदार्थ असे त्यांच्यादेखत रांधून झाले. नववा पदार्थ बट्टी, वरणात कुस्करून खायचा कणकेचा गोळा. ती लिहून झाली, पण करून पाहण्याआधीच शोभाबाई गेल्या.

उखाभाऊ तेव्हापासून रोज स्वतः रांधून जेवतात. आठच पदार्थ, आलटून पालटून. नववं पान त्यांनी कित्येक महिने उघडलं नाही. मग एका रविवारी सोनाली आली आणि तिने बट्टीचं नाव काढलं.

'तीन वाट्या पिठात थोडं तेल घालून घट्ट मळा,' असं पानावर होतं. उखाभाऊंनी चार चमचे घातलं.

"पप्पा, ही बट्टी आहे का धोंडा?"

"तुनी मायनं 'थोडं' लिहेल शे. थोडं म्हणजे कितलं?"

सोनालीने मला हातात घेतलं, वाचलं. "मलाही नाही माहीत," ती म्हणाली. दोघांनी ती बट्टी वरणात बराच वेळ भिजवून खाल्ली.

पुढच्या रविवारी उखाभाऊंनी सहा चमचे घातलं. सोनालीने दुसऱ्या बट्टीसाठी ताट पुढे केलं. तेव्हा त्यांनी पेन शोधलं. शोभाबाईंचा 'थोडं' हा शब्द त्यांनी खोडला नाही. त्याच्या वर, बारीक अक्षरात, 'सहा चमचे' लिहिलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वहीला तेलाचे हात लागले तरी चालतात. पण तुमच्या घरी जे कोणी रांधतं, त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. आणि ते समोर बसलेले असतानाच, त्यात लिहिलंय तसं एकदा करून पाहा. मोहरी जळली तर हसायला माणूस घरात असला पाहिजे.