पाणमांजराचा आवाज

आईचं शेवटचं पुस्तक वाचून झाल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. चहा टाकायला उठायचे आणि गॅस न पेटवताच परत यायचे.

मुलांसाठी लिहिलेली अद्भुत कादंबरी. पाचव्या प्रकरणात छोट्या तुशीला ढगांची नदी ओलांडायची असते आणि नदी मोल मागते. तुशीचं पाणमांजर, गुबलू, आपला आवाज देऊन टाकतो. कायमचा. आणि नवव्या प्रकरणात तोच गुबलू खुशाल बडबडतो! नावाड्याचा फुटका डोळा आधी डावा, मग उजवा. अमावास्येला चंद्र उगवतो. दहा वर्षांचं मूल हे सगळं पकडतं आणि पुस्तक मिटून टाकतं.

दुसरी आवृत्ती उद्या छापायला जाणार होती. मी प्रकाशकांचा कॉलेज स्ट्रीट गाठला.

पोयला बैशाख, बंगाली नववर्षाचा दिवस. प्रकाशनाच्या कचेरीत लेखकांची गर्दी, हातोहाती शहाळी आणि संदेश मिठाई. दरवर्षी आई बसायची त्या खुर्चीवर तिचा फोटो, त्याला रजनीगंधाचा हार. तिचे संपादक शिबतोषकाका लगबगीने पुढे आले.

"ये रुमकी! पाहिलंस ना पुस्तक? तिच्या एका अक्षराला हात लावला नाही."

"तेच तर चुकलं, काका."

त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि चुकांवर खुणा केलेली पानं पुढे टाकली. त्यांनी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे तिने दवाखान्यात लिहिलेलं," ते म्हणाले. "कसा कापणार?"

"पूर्वी कसे कापायचात? 'शिबू, तू कसाई आहेस', असं ओरडून फोन आपटायची ती. दुसऱ्या दिवशी नवं प्रकरण पाठवायची."

"ओरडायला ती होती गं तेव्हा."

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. मी उठून खिडकीपाशी गेले, परत आले.

"मग पाचवं बदलू," ते म्हणाले. "आवाज दिलाच नाही, असं करू."

"नाही. आख्खं पुस्तक त्या आवाजावर उभं आहे. नवव्यातलं बोलणं काढायचं."

"ते? ते कुणी लिहून घेतलंय, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. सलाईनच्या हाताने पेन धरवेना, म्हणून आई सांगत होती आणि मी लिहीत होते. सांगता सांगता तिला इतकं हसू आलं की नर्स धावत आली. त्यानंतर आई हसली नाही.

मी ते मोठ्याने वाचलं. तुशी विचारते, घाबरलास का? गुबलू म्हणतो, "छे! थरथरतेय ती शेपूट. मी स्वतः अगदी मजेत आहे."

काका खो खो हसले.

मी पेन्सिलीने ओळ खोडली. वर लिहिलं, 'गुबलूची शेपूट थरथरली. तुशीने तिच्यावर आपली शाल टाकली.'

काकांनी पान ओढून घेतलं. "शाल कुठून आली? आठव्यात ती नदीत वाहून गेलीय."

"मग फ्रॉकचा घेर."

"ओल्या फ्रॉकचा?"

"काका, तुम्ही खरंच कसाई आहात."

"बस खाली," ते म्हणाले. "आता नावाड्याचा डोळा."