हरल्यावर निघालेली मिरवणूक

मित्रांनो, जिना चढताना सगळे पायऱ्यांकडे बघतात. तुम्ही जरा मान वर करा. तिसऱ्या मजल्याच्या छताखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी दांडा गेलेला दिसेल. त्याला लांब तारेने एक काळा गोळा टांगला आहे. तो दांडा म्हणजे मी. मी एका जुन्या गोलपोस्टाचा आडवा दांडा आहे. विज्ञानाच्या इमारतीत गोलपोस्टाचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस तसेच वाटत होते.

खरे सांगायचे तर माझा जन्म खेळासाठी झालाच नाही. मिशिगनमधल्या या छोट्या कॉलेजात तेव्हा विद्यार्थी वाढत होते. नवी वसतिगृहे उठत होती आणि हिवाळ्यात ती तापवायला जमिनीखालून वाफेचे नळ टाकले जात होते. त्याच सुमारास अमेरिकन फुटबॉलचा नियम बदलला आणि गोलपोस्ट रुंद करायचे ठरले. आमचा जुना लाकडी पोस्ट अपुरा पडला. नव्यासाठी पैसे मागायला प्रशिक्षक खजिनदारांकडे गेले, तेव्हा खजिनदारांनी त्यांना खिडकीतून उरलेले नळ दाखवले. त्यांतला एक सरळसोट नळ मी. कॉलेजच्या प्लंबरने मला दोन उभ्या खांबांना बोल्टने आवळले आणि वर पांढरा रंग दिला. माझी भावंडे जमिनीखाली उबेत राहिली आणि मी उघड्यावर, बर्फात. पण लोक माझ्याकडे टक लावून बघायचे, ते सुख त्यांच्या नशिबी नव्हते.

माझे काम सोपे होते. खेळाडूने चेंडू लाथेने उडवायचा. तो माझ्या वरून आणि दोन खांबांच्या मधून गेला की तीन गुण. खालून गेला तर काही नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला माझा जुळा भाऊ हेच काम करायचा. आम्ही दोघांनी कधी कोणाचा पक्ष घेतला नाही.

आता इथली एक रीत सांगतो. नदीपलीकडे एक कॉलेज आहे. त्यांचे आणि आमचे जुने वैर. दर नोव्हेंबरात हंगामाचा शेवटचा सामना त्यांच्याशीच व्हायचा. तो जिंकला की विद्यार्थ्यांनी मैदानात घुसायचे, गोलपोस्ट पाडायचा आणि खांद्यावर मिरवत कॉलेजच्या प्रमुखांच्या, म्हणजे प्रेसिडेंटांच्या अंगणात नेऊन टाकायचा. म्हणजे बघा, ज्यांच्या विजयासाठी मी उभा, त्यांचा विजय म्हणजे माझे मरण. नदीपलीकडेही हीच रीत होती, आणि तिथे माझ्या वयाचे तीन-चार पोस्ट असेच पडले. मी मात्र सुखरूप होतो, कारण आमचा संघ त्या सामन्यात दरवर्षी हरायचा. मैदानाला उतार आहे, वारा उलटा आहे, असे खेळाडू सांगत. नाचता येईना अंगण वाकडे! खजिनदार तर म्हणायचे, हरणे स्वस्त पडते, जिंकलो तर नवा गोलपोस्ट घ्यावा लागेल. मीही मनातून हरण्याचीच वाट बघायचो. जीव कोणाला प्यारा नसतो?

सत्तरच्या दशकाच्या आरंभी एका शनिवारी माझ्याजवळच्या टोकाच्या बाकावर एक नवे जोडपे येऊन बसले. हेमचंद्रकाका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आले होते, आणि बरोबर होत्या सुलेखाकाकू आणि त्यांची लहानगी दीपा. काकू नागपूरच्या. लहानपणी वडिलांबरोबर क्रिकेटचे रणजी सामने बघितलेल्या. सामना म्हटला की तो दिवसभर चालणार, असे धरून त्या पाच पुडांचा डबा, दोन थर्मास आणि चटई घेऊन आल्या होत्या. सामना संपला तीन तासांत. डबा तसाच भरलेला! आता हसे होणार म्हणून काका खाली मान घालून गाडीकडे निघाले. बाहेर बघतात तर काय, पार्किंगमध्ये अर्धे गाव गाड्यांची मागची दारे उघडून खात बसले होते. इथली ती पद्धतच होती. पाच पुडांचा डबा उघडला तसे लोक भोवती जमले, आणि बटाट्याची भाजी संपल्यावरच पांगले.

काकूंची दुसरी सवयही नागपूरचीच. चांगला खेळ कोणीही करो, त्या टाळी वाजवायच्या. नदीपलीकडच्या एका खेळाडूने सुंदर झेल घेतला, तेव्हा सगळे मैदान सुन्न बसलेले आणि काकू एकट्या टाळ्या वाजवत होत्या. लोक वळून वळून बघत. काका त्यांचा हात धरायचे. पण काकूंनी सवय सोडली नाही, आणि पुढे पुढे लोकांनीच बघायचे सोडून दिले.

ऐंशीचे दशक उजाडले तेव्हा वारे फिरले होते. देशात अठरा वर्षांची मुलेच कमी झाली होती. विद्यार्थी येतीलच या भरवशावर कॉलेजने कर्ज काढून सहा मजली वसतिगृह बांधले होते, त्याचे वरचे मजले रिकामे राहिले. व्याज डोईजड झाले. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, तसा त्याच हिवाळ्यात बॉयलर फुटला. मुलांना कॉलेज दाखवायला येणारे आईवडील दोन गोष्टी हमखास विचारत. प्रयोगशाळा कुठे आहे? आणि फुटबॉलचा संघ आहे का? संघ होता, हरणारा का होईना. प्रयोगशाळा मात्र तळघरात होती आणि पाऊस झाला की तिथे पाणी साचायचे. काकांनी विटांवर टेबले चढवून वर्षानुवर्षे तसेच शिकवले.

शेवटी एक देणगीदार विज्ञानाच्या नव्या इमारतीसाठी पैसे द्यायला तयार झाले. त्यांची अट एकच, पुढच्या वसंतात काम सुरू झाले पाहिजे. जमीन विकत घ्यायची ऐपत नव्हती. कॉलेजच्या मालकीची सपाट जागा एकच होती, आमचे मैदान. काही प्राध्यापक म्हणाले, फुटबॉलच बंद करा, खर्च वाचेल. हेमचंद्रकाका बांधकाम समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी समजावून सांगितले की इथल्या खेळाडूंना शिष्यवृत्ती नाही, ते फी भरून शिकतात. संघ गेला तर ती मुलेही जातील, मग वसतिगृहाचा आणखी एक मजला रिकामा. तेव्हा संघ राहू द्या, तो गावातल्या शाळेच्या मैदानावर खेळेल, आणि इमारत इथे होऊ द्या. ते मान्य झाले. संघ राहिला म्हणून प्राध्यापक नाराज आणि मैदान गेले म्हणून गाव नाराज. काकांना दोन्हीकडून बोलणी बसली.

सर्वांत जास्त घरातून बसली. दीपा आता याच कॉलेजात शिकत होती आणि कॉलेजच्या बँडमध्ये मोठाल्या झांजा वाजवायची. जमीन मोजणाऱ्यांनी माझ्या पायाशी गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकल्या, त्या दिवशी ती काकांना शोधत मैदानावर आली.

“बाबा, धिस इज द ओन्ली प्लेस एव्हरीबडी कम्स,” ती म्हणाली.

“आणि माझ्या बेसमेंटमध्ये कोण येतं?” काकांनी विचारले.

ती निघून गेली आणि नंतरचे कित्येक आठवडे बाबांशी बोललीच नाही.

माझेही भवितव्य ठरले होते. शेवटच्या सामन्यानंतरच्या सोमवारी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता. ते कळले आणि माझे मन पालटले. इतकी वर्षे हरण्याची वाट बघणारा मी, पहिल्यांदाच मला वाटू लागले की आपण जिंकावे. मरायचेच आहे, तर ट्रकमध्ये पडून मरण्यापेक्षा खांद्यावरून मिरवत गेलेले काय वाईट?

१९८५च्या त्या नोव्हेंबरात सगळा गाव लोटला. हवेत बर्फ भुरभुरत होता. नोव्हाय गावाहून मोहनकाका आले होते. ते हेमचंद्रकाकांचे मित्र, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. दरवर्षी सामन्याला यायचे, पण खरे तर काकूंच्या डब्यासाठी. गोलपोस्टाला कोणीही हात लावायचा नाही, विमा कंपनीने बजावले आहे, असे प्रेसिडेंटांनी भोंग्यावरून सांगितले. ऐकणारे हसले.

आणि आमचा संघ त्या दिवशी खेळला! शेवटची काही सेकंदे उरली तेव्हा आम्ही फक्त दोन गुणांनी मागे होतो. एक किक माझ्या वरून गेली की तीन गुण, म्हणजे विजय. किक मारायला डेल नावाचा पहिल्या वर्षाचा मुलगा पुढे आला. तो काकांचाच विद्यार्थी, तळघरात ओल्या पायांनी प्रयोग करणारा. मुले आधीच कठड्यावर चढून बसली होती. मी मनात म्हणत होतो, ये बाबा, ये.

चेंडू सरळ आला, अगदी बरोबर मधोमध. पण थंडीत जड झालेला तो चेंडू माझ्याजवळ येता येता खाली उतरला आणि माझ्याच अंगावर आदळला. टक् असा आवाज झाला. चेंडू वर उडाला, आणि परत मैदानात पडला.

मला तसूभर खाली वाकता आले असते तर! लोखंडाला वाकता येत नाही, याचे इतके वाईट मला कधी वाटले नव्हते.

मैदान गप्प झाले. डेल जागच्या जागी बसला आणि त्याने तोंड झाकून घेतले. त्या शांततेत एकच टाळी ऐकू आली. काकू उभ्या राहून वाजवत होत्या.

काका दबक्या आवाजात म्हणाले, “अगं, आपण हरलो.”

“माहीत आहे हो. पण किक चांगली होती,” काकू म्हणाल्या. “थोडी खाली राहिली, एवढंच.”

काका बाकावरून उठले. मग मोहनकाकांना म्हणाले, गाडीतून बोल्ट सोडवायचे पाने घेऊन ये. दोघे कठडा ओलांडून माझ्याकडे आले. प्रेसिडेंट लगबगीने आडवे आले, तेव्हा काका त्यांना शांतपणे म्हणाले, “हा माझ्या इमारतीच्या जागेत येतो. सोमवारी काढायचाच आहे, तो आज काढतो. मुलांनी पाडला तर कोणाचं तरी डोकं फुटेल.” बांधकाम समितीच्या अध्यक्षापुढे प्रेसिडेंटांना बाजूला व्हावे लागले.

मोहनकाकांनी गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडले आणि पाने लावले. मुले हळूहळू जवळ आली. ती पाडायला आली होती, पण आता मला खालून धरून उभी राहिली. दीपाने झांजा गवतावर ठेवल्या आणि पुढे झाली.

“बाबा, आय विल टेक धिस एंड,” ती म्हणाली.

 काकांनी आपला हात सरकवून तिला जागा करून दिली. कोणीतरी डेलला उठवून आणले आणि सर्वांत पुढे उभे केले.

मिरवणूक गावातून निघाली. न्हाव्याच्या दुकानातून, पेट्रोल पंपावरून लोक बाहेर आले. जिंकलात का, असे विचारू लागले. मुले म्हणायची, नाही, हरलो. विचारणारे जरा घुटमळायचे आणि मग तेही बरोबर चालू लागायचे. प्रेसिडेंटांच्या अंगणात पोहोचलो तेव्हा मागची शेपटी दिसत नव्हती. इतक्या वर्षांत मला कधी एवढा मान मिळाला नव्हता, आणि तो हरल्यावर मिळाला. मला खूप आनंद झाला. पण सोमवारी ट्रक आला आणि माझ्या जुळ्या भावाला घेऊन गेला, हेही सांगायला हवे. त्याच्यावर कोणाचा चेंडू आदळला नव्हता.

पुढची वर्षे मी तळघरात काढली, काकांच्या प्रयोगशाळेबाहेर. शेजारून वाफेचे नळ जात होते, म्हणजे माझी भावंडेच. तेवढी ऊब मिळाली. बाकी कोणी ढुंकून बघत नव्हते. मुले माझ्यावर ओले कोट वाळत घालायची. बाहेर माझ्याच मैदानावर इमारत उठत होती, तिचे ठोके मला ऐकू यायचे.

इमारत पुरी होत आली आणि पैसे संपत आले. या जिन्यात एक मोठा लंबक टांगायचा बेत होता, पण त्याची पोलादी तुळई महाग पडत होती. समितीने लंबकावर काट मारली. काका म्हणाले, तुळई आपल्याकडे आहे. लोक हसले. मोहनकाका नोव्हायहून आले, त्यांनी मला ठोकून, मोजून पाहिले आणि याला काही होत नाही, असा निर्वाळा दिला. ओळखीच्या कारखान्यातून त्यांनी हा गोळाही ओतून आणला. जिथे मी उभा होतो, जवळजवळ तिथेच मी पुन्हा वर चढलो.

उद्घाटनाच्या दिवशी गोळा सोडायचा मान डेलला मिळाला. तो आता वरच्या वर्गात होता. खाली जमिनीवर वर्तुळात लाकडी खुंट्या मांडल्या होत्या. पृथ्वी फिरते, म्हणून झोके घेता घेता लंबकाची दिशा हळूहळू सरकल्यासारखी दिसते आणि एकेक खुंटी त्याच्या वाटेत येते. गोळा झुलू लागला. पहिल्या खुंटीच्या अगदी जवळून गेला, पण लागला नाही. पुन्हा गेला, पुन्हा राहिला. डेलचा चेहरा पांढरा पडला होता. तो एकदा खुंटीकडे बघायचा, एकदा माझ्याकडे.

मग टक् असा आवाज झाला आणि खुंटी पडली. काकूंनी टाळी वाजवली. दीपाने वाजवली, काकांनी वाजवली, आणि मग सगळा जिना वाजू लागला. डेल मान वर करून माझ्याकडे बघत होता आणि रडत होता. या खेपेला त्याने तोंड झाकले नाही.

तर मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. गोळ्याला हात लावू नका, कठड्यावर लोंबकळू नका. खुंटी पडायला वेळ लागतो, म्हणून अर्ध्यातून जाऊ नका. आणि ती थोडक्यात राहिली तरी टाळी वाजवा. सुलेखाकाकू शनिवारी अजून येतात, थर्मास घेऊन खालच्या बाकावर बसतात. बघा, त्यांच्या आधी तुमची टाळी पडते का!