तीन मणांचा दगड

नागोजी वस्तादानं भर पंचायतीत शब्द देऊन टाकला होता, की तालमीपुढचा दगड जो खांद्यावर घेईल त्यालाच पोरगी देणार. त्याच्या बायकोला, रुक्माबाईला, कुणी विचारलं नव्हतं. लेकीला, मनुबाईला, विसावं लागलं, तिच्या बरोबरीच्या पोरींची पोरं रांगायला लागली, आणि हा बाबा अजून दगडाचंच कौतुक करत बसलेला.

दर यात्रेला तोच तमाशा. गावोगावचे गडी यायचे, दगडाला हात घालायचे आणि लाल तळवे घेऊन परत जायचे. गेल्या साली शेजारगावच्या शामूनं तेवढा तो छातीपर्यंत आणला. मनू दाराआडून बघत होती. खांद्यावर न्यायच्या आत दगड सटकला. नागोजी मिशीवरून हात फिरवत म्हणाला, की हा तीन मणांचा दगड आम्ही न्याहारीआधी उचलत होतो. हल्लीच्या पोरांच्या अंगात नुसता चहा आहे. शामू खाली मान घालून गेला.

नवऱ्यापुढं डोकं आपटून काही होत नाही म्हटल्यावर रुक्माबाईनं देवाला धरलं होतं. तीन वर्षं दर शनिवारी तालमीच्या मारुतीला आणि त्याच्या पुढ्यातल्या त्या दगडालाही ती तेल-शेंदूर घालायची. बाबा, हलका हो, एवढंच मागायची.

यंदा कुणाला दगड गुडघ्यापर्यंतही आणता आला नाही. तेव्हा मात्र तिचा ताबा सुटला.

"त्यो दगूड एकदा काट्यावर घाला," ती म्हणाली. "माझ्या पोरीचा ह्यो वैरी हाय तरी किती वजनाचा, बघू दे मला."

पोरांची जिरवायला बरंच झालं म्हणून नागोजीनं लगेच गाडी जुंपली, तिलाही बसवलं. निपाणीला भूपाल अण्णांच्या वखारीत तंबाखूची पोती मोजायचा मोठा काटा होता. दगड भरला चार मणाला पाच शेर कमी, म्हणजे नागोजी सांगायचा त्याहून जवळजवळ मणभर जास्त. नागोजीनं काट्यालाच नावं ठेवली. भूपाल अण्णांना ते लागलं. त्यांनी पुन्हा मोजून दाखवलं. दगड उतरवताना तो काट्याच्या कडेवर आदळला आणि शेंदराची चार बोटं जाड खपली सुटून खाली पडली. अण्णांनी ती उचलून उलटीपालटी केली आणि विचारलं, एवढा शेंदूर लावतंय तरी कोण?

सगळं गावच वर्षानुवर्षं लावतंय, असं रुक्माबाई म्हणाली खरी, पण तिचे कान तापले होते. नवऱ्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा.

नागोजी घाम पुसत गाडीत बसला. जेवढं वजन शामूनं छातीशी धरलं, तेवढं आपण जन्मात उचललं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. उद्याच शामूच्या दारात जातो, शब्द मागं घेतो, असं तो घरापर्यंत बोलत आला. एवढी अक्कल गेल्या साली कुठं होती, हे रुक्माबाईनं तीनदा गिळलं.

मनू तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यो पलटणीत गेला, आप्पा. बेळगावात छाती मोजली आन त्याच दिशी घेतला. शिमग्याला बोटीत बसवलंय. कुठं नेलाय, त्याच्या आईलाबी ठावं न्हाय."

तुला कुणी सांगितलं, असं नागोजीनं विचारलं.

"जायच्या आदी आलता. म्हनला, तू व्हय म्हन, मी जात न्हाय. मी म्हनलं, आप्पांचा शब्द हाय."

आणि तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं.