लेकीने मागितलेले दोन तास

मित्रांनो, मी कागद कारखान्यातली एक जुनी टाकी आहे. लाकूड शिजवून केलेला तपकिरी लगदा माझ्या पोटात येतो आणि क्लोरीन त्याला पांढरा करतो.

माझी झडप सांभाळायचे मामा. साऱ्या कारखान्याचेच ते मामा. कुठे वायू गळला की ओला रुमाल नाकाशी धरून तेच पुढे होत. बावीस वर्षांत त्यांची छाती भात्यासारखी वाजू लागली. माझं पाणी ज्या नाल्यात जाई, तिथे मासा औषधालाही उरला नव्हता.

मामांची लेक शिकून आमच्याच प्रयोगशाळेत लागली. एके दिवशी ती एक कॅन घेऊन आली.

"बाबा, हे विकर, म्हणजे एन्झाइम. बुरशीपासून काढतात. लगद्यातल्या रंगाची पकड हे सैल करतं, मग क्लोरीन कमी लागतो. फक्त लगदा निवलेला हवा आणि दोन तास धीर हवा."

"दोन तास? अगं, दोन दिवस थांबतो!" मामा म्हणाले.

खरंच, क्लोरीन पाव हिश्शाने घटला आणि कागद तेवढाच पांढरा निघाला. साहेबांनी लेकीची पाठ थोपटली. चार महिने मामा जिना न थांबता चढले.

मग मागणी वाढली. साहेबांनी दोन तासांचा अर्धा तास केला. लगदा निवेना, कढत लगद्यात विकर मरून गेलं आणि कागद पिवळट निघाला.

"साहेब, विकराचा दोष नाही, घाई नडली," लेक कळवळून म्हणाली.

"बाई, गिऱ्हाईक कागद बघतं, नाला नाही."

प्रयोग गुंडाळला. राहिलेलं काम उरकायला क्लोरीन दुपटीने सोडला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी माझ्या क्लोरीनच्या नळाचा सांधा सुटला. सगळे बाहेर पळाले. मामा झडपेकडे धावले. त्यांनी ती बंद केली, पण परत आले ते चौघांच्या हातांवर. आठवड्यात गेले.

लेक पुन्हा कारखान्यात आली ती फक्त बापाचे बूट न्यायला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

सांधा दुसऱ्या दिवशी जोडला गेला. क्लोरीन आजही तसाच येतो. मी पडले टाकी. जे ओततील ते पोटात घ्यायचं.

मित्रांनो, तुमची वही जरा पिवळट निघाली तर दुकानात परत करू नका. एवढंच मागणं आहे. तुम्ही ऐकाल, अशी आशा मात्र मला उरलेली नाही.