आरशातली मेंढरं

घाटनांदुरापासून कोसभरावर, माळाच्या कडेला सुग्रीवनं तीन खणांचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, उभं केलं. त्याच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या सगळे मेंढरांमागं फिरलेले. भिंतींच्या आत राहायला निघालेला हा पहिलाच. आता घर म्हटलं की ते आतून कसं सजवायचं यावरून नवराबायकोत जुंपणारच, आणि चांगलीच जुंपली.

सुग्रीवच्या डोक्यात नवाबी थाट शिरला होता. मोमिनाबादेला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, छावणीतल्या कुण्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. तिथून हा गडी बैलगाडी भरून आला. वेताच्या दोन खुर्च्या, छताला टांगायची काचेची हंडी, दाराला लावायचा हिरवागार मखमली पडदा आणि माणसाएवढा आरसा! आरसा त्यानं दारासमोरच्या भिंतीला उभा केला आणि दारावर पडदा सोडून दिला. चतुराबाईला, त्याच्या बायकोला, यातलं काहीएक नको होतं. तिनं पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या होत्या. बसायला घोंगड्या, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, एवढ्यात तिचं घर भरत होतं.

"खुर्चीवर बसून मेंढरं राखनार हायसा का?" तिनं विचारलं.

"लोकं काय म्हन्तील? एवढं घर बांधलं, आन् आत पुन्हा मेंढक्याचा तळच!"

पण खरी अडचण निराळीच होती. त्यांच्या कुळाची रीत अशी, की घरातल्या थोरल्या माणसानं खांद्यावर घोंगडी घेऊन आपल्या पायानं उंबरा ओलांडायचा. तोवर नव्या घरात चूल पेटवायची नाही. त्याला ओढून न्यायचं नाही, उचलून तर नाहीच नाही. आणि थोरला माणूस म्हणजे सुग्रीवचा बाप धुळाजी. म्हातारा उभ्या जन्मात छपराखाली निजला नव्हता. अंगणाच्या डाव्या कडेला बाभळीखाली त्यानं ठाण मांडलं होतं. उजव्या कडेला वाघर लावलेलं, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. दोन्हींच्या मधे ते नवंकोरं घर रिकामं पडलेलं.

"बाबा, चला की आत," सुग्रीव रोज विनवायचा.

"मला कोंडू नगा. जिथनं मेंढरं दिसत न्हाईत, तिथं मला झोप न्हाई. आन् त्या खुर्च्या कावून आनल्या बे? माझे पाय काय लोंबकळाया हायेत?"

थंडी वाढत चालली. लेक छबू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. चतुराबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचं स्वतःचं पहिलं लेकरू असल्याच गारठ्यात, उघड्या माळावर, आडोशाला ताणलेल्या घोंगडीमागं जन्मलं होतं आणि उजाडायच्या आत हातात गार पडलं होतं. त्या दिवसापासून तिनं एकच गोष्ट मनाशी धरली होती. छबूचं लेकरू चार भिंतींच्या आत, पेटत्या चुलीपाशी जन्माला यायला हवं. आतल्या खणात तिनं आपल्या हातानं चूलसुद्धा घातली होती, पण स्वयंपाक अजून अंगणातल्या तीन दगडांवरच होत होता.

एका सकाळी सुईण चंद्रभागाबाईनं छबूचं पोट चाचपलं. "आज न्हाई तर उद्या," ती म्हणाली.

चतुराबाईनं पदर खोचला. सासरा मेंढरं घेऊन रानात गेलेला, नवरा बाजाराला. तिनं खुर्च्या उचलल्या आणि बाभळीखाली नेऊन आदळल्या. मग पडदा ओढून काढला. घरात भसकन उजेड आला. आता पाळी आरशाची, म्हणून ती वळली आणि तिचा हात जागीच थांबला. आरशात वाघर दिसत होतं. रानात न गेलेली लंगडी मेंढी आत बसून रवंथ करत होती. चतुराबाईनं आरसा जरासा तिरपा केला, भुईवर घोंगडी टाकली आणि स्वतःच आडवी होऊन बघितलं. सगळं वाघर नजरेत आलं. ती एकटीच खुदकन हसली.

सुग्रीव आला तो खुर्च्या बघून उखडला. "आता आरसा बी फेक की!"

"आरसा राहू द्या. मला लई आवडला."



दिवस कलताना धुळाजी आला तेव्हा छबू आतल्या खणात घोंगडीवर पडली होती. मेंढरं वाघरात घातली, बाभळीकडं वळला, खुर्च्यांना एक कचकचीत शिवी हासडली. चतुराबाई त्याला आरशाचं सांगायला पुढं झाली, तोंडही उघडलं तिनं. तेवढ्यात म्हाताऱ्याची नजर उघड्या दारातून आत गेली.

"अगं चतुरे, मेंढरं घरात शिरली! पोरीला तुडवतील की!"

काठी उगारून, खांद्यावरची घोंगडी सावरत, "हुर्र, हुर्र" करत धुळाजी उंबऱ्यावरून थेट आत घुसला. समोर एक म्हातारा काठी उगारून त्याच्याकडंच बघत उभा होता.

"आत आले! मामंजी आत आले!" चतुराबाईनं आरोळी ठोकली, तीन दगडांतला निखारा खापरीत घेतला आणि धावत आतल्या खणात जाऊन चूल पेटवली. धूर छतातल्या झरोक्यातून वर निघाला, तसा तिला हुंदका फुटला.

"ही फसवनूक हाय," म्हातारा गुरगुरला.

"घोंगडी तुमच्या खांद्यावर व्हती, पाय बी तुमचेच. आता घडीभर हितं पडून बघा. नगं वाटलं तर खुशाल भायेर जावा."

कुरकुरत का होईना, धुळाजी आडवा झाला. आरशातल्या वाघरावरून त्याची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली.

"लंगडी बी दिसती," शेवटी तो म्हणाला.

"दिसती की."

"मग त्या येड्याला सांग, पडदा पुन्हा लावू नगं."

उजाडता उजाडता छबूला मुलगी झाली. चतुराबाईनं आधी नातीचे तळवे धरून बघितले. चांगले गरम होते. ती हसली, रडली, पुन्हा हसली, आणि पोर तिनं सोडलीच नाही.

अंगणात, बाभळीखालच्या खुर्चीत सुग्रीव ऐटीत बसला होता. "नवाबी म्हनावं तर खुर्च्या भायेर, मेंढक्याचं म्हनावं तर आत आरसा. हे घर कोनत्या तऱ्हेचं म्हनायचं?"

"माझ्या तऱ्हेचं," ती दारातून म्हणाली.

मग नातीला घेऊन ती सासऱ्याकडं गेली. धुळाजी नुकताच जागा झाला होता आणि पडल्या पडल्याच आरशातली मेंढरं बोटांवर मोजत होता. चतुराबाई पोरीला घेऊन आरशासमोर उभी राहिली. म्हाताऱ्यानं मोजणी थांबवली, डोळे पुसले आणि उरलेलं बोट दुमडलं.

"एक वाढलं गं," तो म्हणाला.